दहा थेंब

बसवंत डॉक्टरांनी बाटली पुढं केली, तशी अंबुबाईनं हात पदराखाली ओढून घेतला.

"ह्यांच्याकडं द्या," नवऱ्याकडं बघत ती म्हणाली.

गुंडू केदारीनं हात पुढं केला, पण डॉक्टरांनी बाटली सोडली नाही.

"का बाई? औषधाची भीती वाटते?"

"त्यात अफू हाय म्हणालासा न्हवं?"

"आहे. अफूचाच अर्क आहे."

"मग मी त्याला हात लावत न्हाय. आमच्या घरात ते नकोच."

गुंडू चपापला. सासूच्या औषधाला सून नको म्हणते, तेही डॉक्टरांच्या तोंडावर! पण डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी बाटली टेबलावर ठेवली आणि तिला बाकावर बसायला सांगितलं.

ही १९३५ सालची गोष्ट. शहापुरातल्या विणकरांच्या गल्लीत केदारींचं घर होतं. घरात एक माग. त्यावर गुंडू लुगडी विणायचा आणि अंबुबाई धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरून द्यायची. दोघांना एक लहान मुलगी. गुंडूची आई मालुबाई हिचं नाव मात्र साऱ्या गल्लीत घेतलं जाई ते धागे जोडण्यासाठी. मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, संपत आला की नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या टोकाशी पिळून जोडावा लागतो. हजारांवर धागे. एखादा चुकला तरी लुगड्याच्या अंगावर रेघ उमटते. मालुबाई बोटांना राख लावून मागापुढं बसली की सांज व्हायच्या आत सगळा ताणा जोडून मोकळी. दुसऱ्यांच्या मागांवरूनही तिला बोलावणं यायचं.

दोन वर्षांपूर्वी विहिरीच्या पायरीवरून ती घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. हाडवैद्यानं बांधलं, हाड सांधलंही, पण वाकडं. तेव्हापासून कमरेपासून टाचेपर्यंत जी कळ सुरू झाली ती थांबली नाही. निरगुडीचा शेक झाला, बिब्बा झाला, गावठी डागही देऊन झाला. आधी तिचं मागापुढचं बसणं सुटलं, मग जेवण कमी झालं, मग झोप गेली. ती ओरडत नसे. पण अंथरुणाखालच्या चटईची एक कड तिनं बोटांनी उसवून उसवून पार मोकळी केली होती. ती चटई बघूनच गुंडूनं तिला टांग्यात घालून डॉक्टरांकडं आणलं होतं.

परशराम बसवंत पहिल्या महायुद्धात फौजेच्या दवाखान्यात होते, पार इराकातल्या बसऱ्याला. परत आल्यावर त्यांनी बेळगावात दवाखाना घातला. शहापूर सांगलीकरांच्या संस्थानात आणि दवाखाना इंग्रजांच्या हद्दीत. पण विणकरांना त्याचं काही नव्हतं, चालत पाव तासाची वाट. माणूस कमी बोलणारा. दुखणेकऱ्याला हात लावायच्या आधी स्वतःचा हात पंचावर घासून ऊन करून घ्यायचा, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

"आता सांग," डॉक्टर म्हणाले. "अफूचं तुला काय माहीत आहे?"

अंबुबाईनं खाली बघत सांगितलं. तिचं माहेर कोगनोळीचं. बाप नागोजी निपाणीहून तंबाखूची बोदं घेऊन गाडी हाकायचा. एकदा चाक पायावरून गेलं. दुखतंय म्हणून कुणीतरी अफूची गोळी दिली. पाय महिन्या-दोन महिन्यांत बरा झाला, अफू सुटली नाही. पुढं गाडी सुटली, बैल गेले, आईच्या अंगावरचं गेलं. आई रोज शेवटची म्हणून गोळी द्यायची आणि रोज रडायची. अंबू दहा-अकरा वर्षांची होती तेव्हापासून बापाच्या डोळ्यांत बघून ओळखायची, आज किती खाल्ली ते. डोळ्यातली बाहुली मोहरीएवढी झाली की समजायचं.

"एक दिवस भिंतीला टेकून बसलं हुतं," ती म्हणाली. "मेलं हुतं, पर कुणाला कळलंच न्हाय. रोज तसंच बसायचं."

गुंडू तिच्याकडं बघतच राहिला. लग्नाला सात वर्षं झाली होती. सासरा आजारानं गेला, एवढंच त्याला माहीत होतं. आतल्या खोलीत बाकड्यावर पडलेल्या मालुबाईनंही हे ऐकलं असणार, मध्ये नुसता पडदा होता.

डॉक्टरांनी टेबलावरची बाटली उचलून तिच्यापुढं ठेवली. मग म्हणाले, "म्हणूनच ही बाटली तुझ्याकडं. ह्या घरात अफूला ओळखणारी तू एकटीच आहेस. तुझा नवरा आईच्या मायेनं दोन थेंब जास्त टाकील. तू टाकणार नाहीस."

मग त्यांनी नीट समजावलं. सकाळी दहा थेंब, संध्याकाळी दहा थेंब, पाण्यातून. अकरावा नाही. देण्याआधी मालुबाईला हाक मारायची. ती झोपाळलेली वाटली, जीभ जड वाटली, तर तो डोस द्यायचाच नाही. बाटली कुलपात आणि किल्ली एकाच माणसाच्या कमरेला. घरातल्या पोराच्या हाताला लागता कामा नये, शेजारपाजाऱ्याला एक थेंब द्यायचा नाही. बाटली संपली की रिकामी परत आणायची. सरकारचा कायदा होता, प्रत्येक बाटलीची नोंद त्यांना ठेवावी लागायची.

"आणि दुखणं साफ जाईल असं समजू नका," ते गुंडूला म्हणाले. "वाकडं सांधलेलं हाड सरळ होणार नाही. आईला बसता यावं, चार घास जावेत, रात्री डोळा लागावा, एवढ्यासाठी हे औषध."

मालुबाईला पहिला डोस डॉक्टरांनी तिथंच पाजला आणि अंबुबाईनं शेवटी बाटली घेतली. घरी येऊन पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली आणि किल्ली कमरेला खोवली.

त्या संध्याकाळी तिनं पेल्यात पाणी घेतलं, बाटली तिरकी केली आणि मोजायला लागली. एक, दोन, तीन. तपकिरी थेंब पाण्यात उतरून धुरासारखा पसरायचा. वास तिनं लगेच ओळखला. कोगनोळीच्या घरातला वास. सहाव्या थेंबाला तिनं बाटली सरळ केली आणि बूच लावलं.

सहा पुरेत, तिनं मनाशी म्हटलं. सवय लागायला नको.

दुसऱ्या दिवशीही सहाच. तिसऱ्या दिवशी पाच. मालुबाई पेला घ्यायची, एका दमात प्यायची आणि पेला परत द्यायची.

"कसं वाटतंय आत्ती?"

"बरं हाय गं."

बरं नव्हतं, हे दिसत होतं. अंथरुणावर कूस बदलताना म्हातारी पदराचा बोळा दातांत धरायची. गुंडूला ते बघवेना. डॉक्टरांचं औषध चालू आहे, रोज दोनदा दिलं जातंय, आणि आईच्या जिवाला काडीचा आराम नाही! आठव्या दिवशी तो अंबुबाईला म्हणाला, "ह्या डाक्टरच्या औषधात काय दम न्हाय."

तिनं मान खाली घालून कांडी भरायला घेतली. त्या वेळी बोलायला हवं होतं, असं ती पुढं कितीतरी वेळा म्हणाली.

दहाव्या दिवशी पहाटे अंबुबाई चूल पेटवायला उठली, तेव्हा मालुबाई उठून बसायचा प्रयत्न करत होती. दोन्ही हात जमिनीला टेकलेले, अंग थरथरतंय, कपाळावर घाम. सुनेला बघून ती कसनुशी हसली. "काय न्हाय गं. पानी पायजे हुतं."

अंबुबाईनं पाणी दिलं आणि ट्रंकेपाशी गेली. आज हात आखडायचा नाही, असं ठरवून तिनं दहा थेंब मोजले. गुंडू तेव्हा घरात नव्हता. विणून झालेली लुगडी घेऊन तो उजाडायच्या आत बेळगावच्या पेठेत गेला होता.

औषध पोटात गेलं आणि तासाभरात मालुबाईच्या चेहऱ्यावरच्या आठ्या सैल झाल्या. तिनं अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. नातीला मांडीजवळ घेऊन तिची वेणी घातली. मग डोळा लागला, तो शांत. अंबुबाईनं दोनदा जवळ जाऊन बघितलं. श्वास बरोबर होता, हाक मारली की ओ देत होती. तिला वाटलं, हे नऊ दिवस आधी देता आलं असतं. पोरीला शेजारच्या बायाक्काकडं सोडून ती धुणं घेऊन विहिरीवर गेली.

ती विहिरीवर असताना गुंडू घरी आला. पेठेत सरकारी परवान्याचं अफूचं दुकान होतं. तिथून पानात बांधून आणलेली पुडी त्याच्या बंडीत होती. आई भिंतीकडं तोंड करून पडलेली बघून त्याला वाटलं, दुखण्यानं गळून गेली. त्यानं हरभऱ्याएवढी गोळी मोडली, गुळात कालवली आणि तिच्या ओठाला लावली.

"आये, एवढं खा. बरं वाटंल."

अर्धवट झोपेत मालुबाईनं लेकाचा आवाज ओळखला आणि तोंड उघडलं.

अंबुबाई धुणं वाळत घालून आत आली तेव्हा दुपार कलली होती. गुंडू मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणत होता. मागाच्या खटखटीतून तिला दुसरा एक आवाज आला. घोरण्याचा, पण जाडसर, मध्येच तुटणारा. ती दोन ढांगांत मालुबाईजवळ गेली.

"आत्ती!"

ओ नाही. तिनं पापणी वर केली. बाहुली मोहरीएवढी.

"माग थांबवा!" ती ओरडली. गुंडूचा धोटा हातातच राहिला. "काय दिलासा आईला? खरं सांगा!"

"म्या काय..."

"खरं सांगा!"

गुंडूनं बंडीत हात घातला आणि पानाची पुडी पुढं केली. तिला ती हुंगायचीही गरज नव्हती.

"पळा. डाक्टरास्नी घिऊन या. मिळंल त्या टांग्यानं या. काय दिलं ते खरं खरं सांगा, लाजू नका."

तो अनवाणीच पळाला. अंबुबाईनं सासूला काखेत हात घालून उचललं आणि भिंतीशी टेकवून बसवलं. पण लगेच तिच्या मनात काय आलं कोण जाणे, भिंतीपासून ओढून तिनं स्वतःच्या छातीशी टेकवलं. तोंडावर गार पाणी मारलं. हाका मारल्या. मालुबाई डोळे किलकिले करायची आणि पुन्हा मान टाकायची. श्वास इतका सावकाश व्हायचा की अंबुबाई स्वतःचाही रोखून धरायची.

बायाक्का हाकेला धावत आली, तिनं पाय चोळायला घेतले. हाका मारून मारून अंबुबाईचा घसा बसला. तेव्हा तिनं मागाजवळ पडलेल्या सुताच्या गुंड्यातले दोन धागे तोडले आणि मालुबाईच्या बोटांत दिले.

"आत्ती, धागा तुटलाय. जोडा."

बोटं तशीच राहिली.

"आत्ती, ताणा अडलाय. गिऱ्हाईक दारात हाय. जोडा की!"

मालुबाईचा अंगठा हलला. मग तर्जनी. डोळे मिटलेलेच, पण बोटांनी दोन टोकं जवळ आणली आणि पीळ दिला. अंबुबाईनं दुसरे दोन धागे दिले. मग तिसरे. मध्येच बोटं थांबायची; ती कानाशी ओरडायची, "सुटला! परत जोडा!" आणि म्हातारी झोपेतच चिडल्यासारखी कपाळाला आठी घालून पुन्हा पीळ द्यायची. डॉक्टरांचा टांगा दारात आला तेव्हा अंबुबाईच्या मांडीवर जोडलेल्या धाग्यांचा लहानसा गुंता साठला होता.

डॉक्टरांनी नाडी बघितली, एक सुई टोचली, बरोबर आणलेली काळी कॉफी चमच्या-चमच्यानं पाजायला लावली. दिवेलागणीच्या सुमाराला मालुबाईनं डोळे नीट उघडले आणि डॉक्टरांना बघून पदर सावरला. तेव्हा कुठं त्यांनी टेकून बसत पाणी मागितलं.

"आता मला सगळं सांगा," ते म्हणाले. "रागवायला विचारत नाही. हिशेब लागल्याशिवाय उद्याचा डोस ठरवता येणार नाही."

गुंडूनं पुडी काढून दाखवली आणि सगळं सांगितलं. सांगताना तो लहान पोरासारखा रडला. "औषध लागू पडत नव्हतं डाक्टर. तिचे हाल बघवत नव्हते."

"दहा थेंबांनी एवढंही बरं वाटू नये, हे मला पटत नाही," डॉक्टर म्हणाले.

अंबुबाई उंबऱ्याशी उभी होती. गप्प राहिली असती तर सगळा दोष गुंडूवर गेला असता, आणि कुणाला कधी कळलंही नसतं.

"दहा न्हवतेच," ती म्हणाली. "मी सहा देत हुते. कवा कवा पाच. आज पयल्यांदा दहा दिलं."

गुंडूनं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर राग आला, पण हातातल्या पुडीकडं लक्ष गेलं आणि तो विरला.

"मला माहीत हुतं," अंथरुणावरून आवाज आला.

सगळे वळले. मालुबाईचा आवाज बारीक होता, पण शब्द स्वच्छ.

"डाक्टरांनी दवाखान्यात पयला डोस दिला तो कडूजहर हुता. घरातला कमी कडू. मला तवाच कळलं."

"मग बोलला का न्हाईसा आत्ती?"

"काय बोलू? तुझ्या बाचं समदं ऐकलं हुतं मी पडद्याआडनं. म्हटलं, पोरीच्या हाताला धीर येईस्तोवर दम काढावा."

अंबुबाई तिथंच उंबऱ्यावर खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. बापाच्या मरणालाही ती अशी रडली नव्हती.

डॉक्टरांनी तिला रडू दिलं. मग म्हणाले, "ह्यात माझीही चूक आहे. जास्त देऊ नको, एवढं दहा वेळा सांगितलं. कमी देऊ नको, हे एकदाही सांगितलं नाही. बाई, दुखणारं माणूस फार दिवस सोसत राहिलं की घरातलं कुणीतरी चोरवाट शोधतंच. जास्तीचं औषध घातक, तसंच कमीचंही. तुला भीती वाटली तर मला येऊन सांगायचं होतंस. आपण दोघांनी मिळून ठरवलं असतं. आणि गुंडू, मायेनं दिलेली गोळीही गोळीच असते."

पुडी त्यांनी बरोबर नेली.

मध्ये दोन दिवस औषध बंद ठेवलं. ते दोन दिवस कठीण गेले, पण ह्या वेळी मालुबाई उघडपणे कण्हली आणि घरानं ते ऐकून घेतलं. मग पाच थेंबांपासून सुरुवात झाली, आणि हळूहळू दहापर्यंत. दर गुरुवारी अंबुबाई दवाखान्यात जाऊन सांगायची: किती वेळ बसली, किती भाकरी खाल्ली, पोट साफ झालं का, डोळे कसे दिसतात. पोट साफ होईना तेव्हा डॉक्टरांनी एरंडेल दिलं. पावसाळ्यात कळ वाढली तेव्हा मालुबाईनं आणखी दोन थेंब मागितले. अंबुबाई म्हणाली, "मी देऊ शकत न्हाय आत्ती, पर आज गुरवार नसला तरी जाऊन इचारून येते." भर पावसात गेली. डॉक्टरांनी थेंब वाढवले नाहीत; ऊन वाळूच्या पिशवीचा शेक आणि मांडीखाली उशी सांगितली. चार दिवसांत कळ उतरली.

एकदा बायाक्का आली. नातवाला दात येत होते, पोर किरकिरत होतं. "दोन थेंब दे गं, निजंल तरी." गल्लीत पोरांना अफू चाटवायची रीतच होती. अंबुबाईनं नाही म्हटलं. बायाक्कानं पाय चोळल्याची आठवण करून दिली. तरी नाही म्हटलं; त्याऐवजी पोराला उचलून घेतलं आणि दुपारभर खांद्यावर घेऊन फिरली. बायाक्का दोन महिने बोलली नाही. मग बोलायला लागली.

दिवाळीनंतर मालुबाई पहिल्यांदा मागापुढं बसली. गुंडूनं तिच्यासाठी उंच पाट केला होता, पाय लांब करता येईल असा. पहिल्या दिवशी अर्धा तास. नंतर तास-दीड तास. पूर्वीसारखा अख्खा ताणा एका बैठकीत तिच्यानं कधीच झाला नाही; तीन दिवस लागायचे. पण तिनं जोडलेल्या धाग्यांची लुगड्यावर कधी रेघ उमटली नाही. दुखणंही गेलं नाही. ते घरातच होतं, थंडीत जास्त, उन्हाळ्यात कमी.

दोन वर्षांनी फाल्गुनात, एका संध्याकाळी अंबुबाई पेला घेऊन आली. मालुबाई अंगणात नातीला बोटांना राख लावून धागा पिळायला शिकवत होती.

"आत्ती, औषध."

"आज ऱ्हाऊ दे," मालुबाई म्हणाली. "आज सोसवतंय."

अंबुबाई तिच्यासमोर उकिडवी बसली आणि तिच्या डोळ्यांत बघितलं. "खरं सांगतायसा न्हवं? माझ्यासाठी म्हणून न्हवं?"

"खरं गं. कळ हाय, पर एवढी न्हाय. रात्री वाढली तर हाक मारते."

"हाक मारायचीच."

"व्हय व्हय. मारते म्हटलं की."

अंबुबाई पेला घेऊन आत गेली. येत्या गुरुवारी डॉक्टरांना सगळ्यात आधी हेच सांगायचं, असं तिनं ठरवलं.